कच्चा लिंबू की बरोबरीचा भिडू? समावेशित वर्गातील सामाजिक कौशल्यांचे शिक्षण

शाळेच्या मैदानावर लगोरी, डबा ऐसपैस किंवा विषामृत रंगात येते, तेव्हा खेळणाऱ्यांत बहुधा एखादा ‘कच्चा लिंबू’ असतो. तो धावतो, ओरडतो, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. एरवी ही सवलत कोणाच्या तरी धाकट्या भावंडाला मिळते आणि ते मोठे झाले की आपोआप संपते. दिव्यांग मुलाच्या बाबतीत ती संपतच नाही. पहिलीत कच्चा लिंबू असलेले मूल सातवीतही कच्चा लिंबूच राहते. ‘मुले मिसळतात का?’ असे विचारले, तर मैदानाकडे लांबून पाहणारा खुशाल ‘हो’ म्हणेल. या मुलावर कधी राज्य येते का, असे विचारले तर उत्तर द्यायला वेळ लागेल.

समावेशित शिक्षणाच्या चर्चेत सामाजिक कौशल्यांचा विषय निघतो तेव्हा ही कौशल्ये एखाद्या मुलाच्या अंगी कमी पडणारा गुण आहेत, असे गृहीत धरले जाते. म्हणून त्याला बाजूच्या खोलीत नेऊन ‘नमस्कार म्हण’, ‘थँक्यू म्हण’ असे शिकवले जाते. माझे म्हणणे वेगळे आहे. सामाजिक कौशल्य दोघांच्या किंवा अनेकांच्या व्यवहारात घडते. त्यामुळे ते शिकवताना दिव्यांग मुलाबरोबर त्याच्या वर्गालाही शिकवावे लागते, आणि जिथे तो व्यवहार चालतो त्याच जागी शिकवावे लागते.

परिपत्रकाच्या पलीकडले

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. समावेशित शिक्षणाच्या व्याख्येत त्याने दोन अटी घातल्या आहेत: दिव्यांग आणि इतर विद्यार्थ्यांनी एकत्र शिकणे, आणि शिकवण्याची रीत दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजेप्रमाणे बदलणे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात एकवीस आहेत. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे प्रकार या यादीत आल्याचा वर्गावर मोठा परिणाम झाला. ही अपंगत्वे डोळ्यांना दिसत नाहीत. कुबडी किंवा श्रवणयंत्र पाहून सोबत्यांना काही अंदाज तरी येतो. इथे त्यांना एवढेच दिसते की हा मुलगा विचित्र वागतो, मध्येच बोलतो, विनोद कळत नसताना हसतो. केनेथ कवाले आणि स्टीव्हन फोर्नेस यांनी १९९६मध्ये १५२ संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश विद्यार्थी सामाजिक कौशल्यांत सोबत्यांहून वेगळे ठरत होते. अध्ययन अक्षमता ही केवळ वाचन-लेखनाची अडचण मानणाऱ्या शाळेला या आकड्याकडे लक्ष द्यावे लागेल.

रॅम्प, ब्रेल पुस्तके, लेखनिक, परीक्षेत जादा वेळ या गोष्टी परिपत्रकाने मिळू शकतात आणि त्या मिळवण्यासाठी पालकांनी भांडलेही पाहिजे. मधल्या सुट्टीत शेजारी बसणारे कोणी मात्र परिपत्रकाने मिळत नाही.

येत नाही, जमत नाही, करू देत नाहीत

शिकवण्याआधी निदान हवे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रँक ग्रेशम यांनी सामाजिक कौशल्यांतील उणिवांची केलेली विभागणी इथे फार उपयोगी पडते. काही मुलांना एखादे वर्तन मुळात येतच नाही. काहींना ते येते, पण हवे त्या वेळी त्यांच्या हातून घडत नाही. आणखी काहींना ते येते आणि घडतेही, पण इतके अडखळत की समोरच्याचा धीर सुटतो. बाहेरून तिन्ही मुले सारखीच दिसतात. उपाय मात्र तिघांसाठी वेगळे लागतात.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला पाळी कशी घ्यायची हेच ठाऊक नसेल, तर तिला ते लहान लहान पायऱ्यांनी, करून दाखवून आणि पुन्हा पुन्हा करवून घेऊन शिकवावे लागेल. अतिचंचलता असलेल्या मुलाला ‘पाळी म्हणजे काय?’ असे विचारा, तो शिक्षकापेक्षा छान सांगेल. पाळीसाठी थांबण्याचा क्षण येतो तेव्हा त्याचा हात आधीच चेंडूवर पडलेला असतो. रसेल बार्कली यांनी कित्येक वर्षे हेच मांडले आहे: या मुलांची अडचण ज्ञानाची नसून ज्ञान वेळेवर वापरण्याची आहे. त्याला पाळीचे महत्त्व सांगणारे व्याख्यान देणे म्हणजे सगळ्यांचाच वेळ घालवणे. त्या क्षणी त्या जागी खांद्यावर हलका हात, जमिनीवर आखलेली रेघ किंवा हातात द्यायची पाळीची चकती, असे काहीतरी लागते. सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी तिसऱ्या गटात मोडू शकते. तिला उत्तर येते, सांगायचेही असते, पण शब्द ओठांवर यायला आठ-दहा सेकंद लागतात. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये दहा भाषांमधील संवाद तपासले. एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याने सुरू करेपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, असे त्यांना आढळले. या वेगाच्या गप्पांत तिची पाळी येते आणि तिने तोंड उघडण्याआधीच निघूनही जाते.

ग्रेशम यांच्या विभागणीत मी आणखी एक रकाना जोडेन: येते, जमते, पण करू दिले जात नाही. आपल्या वर्गांत हा रकाना सगळ्यांत भरलेला असतो. अंध मुलाला गाणे येते, पण परिपाठात त्याला उभे केले जात नाही. व्हीलचेअरवरील मुलीला नाटकात काम हवे असते, पण तिला ‘प्रेक्षकांत पुढे बस’ असे सांगितले जाते. यात त्या मुलांना शिकवण्यासारखे काही नाही. शिकायचे आहे ते मोठ्यांनी.

खेळात शिरणे

सामाजिक कौशल्यांच्या बहुतेक तक्त्यांत ‘खेळात घेण्याची विनंती करतो’ असा एक मुद्दा असतो. मुलाला वाक्य पाठ करून दिले जाते: ‘मला खेळायला घ्याल का?’ मोठ्या माणसाला हे वाक्य सभ्य वाटते, मैदानावर मात्र ते फारसे चालत नाही. मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१मध्ये दुसरी-तिसरीच्या मुलांचा यावर अभ्यास केला. जी मुले सोबत्यांना आवडत नव्हती, ती खेळात शिरताना स्वतःबद्दल बोलत, खेळ थांबवणारे प्रश्न विचारत, चालू गोष्टीला विरोध करत. आवडती मुले आधी खेळ कसा चालला आहे ते पाहत आणि त्याच ओघात काहीतरी करत. खेळ चालू असताना थेट परवानगी मागितली की तो क्षणभर थांबतो, सगळे मागणाऱ्याकडे पाहतात, आणि अशा वेळी ‘नाही’ म्हणणे सर्वांत सोपे असते.

लगोरीचे पाहू. मैदानाच्या कडेला उभे राहायचे. कोणता गट लगोरी लावतो आहे आणि कोणता चेंडू मारतो आहे, हे पाहायचे. चेंडू आपल्या दिशेने लांब गेला की धावत जाऊन आणायचा आणि मारणाऱ्या गटाकडे फेकायचा. दुसऱ्यांदा चेंडू आला की पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कोणीतरी आपणहून ओरडते, ‘टाक इकडे!’ एवढ्यात मूल अर्धे आत आलेले असते. डाव संपून नवे गट पडतात तेव्हा ‘मी कोणाकडे?’ असे विचारायचे. ‘मला घ्याल का?’ आणि ‘मी कोणाकडे?’ या दोन प्रश्नांत फार मोठा फरक आहे. हा सगळा क्रम शिकवता येतो. आधी वर्गात दोन-तीन सोबत्यांबरोबर सराव करायचा, मग मैदानावर शिक्षकाने कडेला थांबून पहिला चेंडू मुद्दाम त्या दिशेला जाऊ द्यायचा.

अंध मुलाला हा क्रम जसाच्या तसा लागू होत नाही, कारण पाहणे हीच पहिली पायरी आहे. त्याला खेळाचे धावते वर्णन करणारा सोबती हवा आणि आवाज करणारा चेंडू हवा. कर्णबधिर मुलीसाठी ‘आऊट’ झाल्याची हाक निरुपयोगी असते, तेव्हा हात वर करण्याची खूण सगळ्यांनीच पाळायची. खेळाचा नियम एकदा सगळ्यांसाठी बदलला की तो सवलत राहत नाही. कच्च्या लिंबाची सवलत आणि बदललेला नियम यांतला भेद इथे आहे: एकात मुलाला डावाबाहेर ठेवून आत घेतले जाते, दुसऱ्यात डावच सर्वांना खेळता येईल असा केला जातो. त्यानंतर त्या मुलीवर राज्य आले तर आले. ते यायलाच हवे.

कोणाचे वळण, कोणासाठी

परदेशी तक्ते आपल्याकडे भाषांतर होऊन येतात आणि त्यांच्यासोबत तिथले शिष्टाचारही येतात. ‘बोलताना डोळ्यांत पाहतो’ हा त्यांतला ठरलेला मुद्दा. मोठे माणूस रागावत असताना मुलाने डोळ्याला डोळा भिडवला, तर अनेक मराठी घरांत तो उद्धटपणाच ठरतो. पुष्कळ स्वमग्न व्यक्तींना डोळ्यांत पाहत असताना ऐकणे अवघड जाते. तरीही ‘माझ्याकडे बघ’ असे म्हणत मुलाची हनुवटी धरून वर करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. यातून त्या मुलाच्या पदरात काय पडते, याचे उत्तर कोणाकडे नसते.

याउलट ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक शिकवण्यासारखा आहे. बाईंना ‘तू इकडे ये’ म्हणणारा मुलगा वर्गात खपून जाईल, पण एसटीच्या कंडक्टरशी किंवा दवाखान्यातल्या माणसाशी तसे बोलला तर त्याला नाहक बोलणी खावी लागतील. काय शिकवावे आणि काय सोडावे, याची माझी कसोटी साधी आहे. या कौशल्याने मुलाला त्याला हवे ते मिळवायला, माणसे जोडायला किंवा सुरक्षित राहायला मदत होते का? की त्यामुळे फक्त आसपासच्यांना बरे वाटते? दुसऱ्या प्रकारातली कौशल्ये यादीतून काढून टाकावीत. वर्षानुवर्षे मुखवटा घालून वावरण्याची किंमत पुष्कळ स्वमग्न व्यक्तींनी मोठेपणी चिंता आणि नैराश्याच्या रूपाने मोजली आहे.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला: स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे म्हणतात, पण इतरांना तरी त्याचे मन कुठे कळते? अडचण दुहेरी आहे. नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचे २०१७चे प्रयोग याला दुजोरा देतात. अनोळखी लोकांनी स्वमग्न व्यक्तींची काही सेकंदांची चित्रफीत पाहिली आणि त्यांच्याशी ओळख वाढवण्याबाबत नाखुशी दाखवली. तेच बोलणे फक्त लेखी स्वरूपात वाचायला दिले, तेव्हा ही नाखुशी नाहीशी झाली. म्हणजे बोलण्यात काही खोट नव्हती, नापसंती आवाजाच्या आणि हालचालींच्या वेगळेपणाला होती.

आता वर्गातला एक प्रसंग घेऊ. तहान लागलेले मूल ‘तुला पाणी हवं?’ असे म्हणते, कारण पाणी मिळण्याआधी नेहमी हेच वाक्य त्याच्या कानावर पडलेले असते. मुले हसतात. शिक्षकाने आधी पाणी द्यावे. मग ‘मला पाणी हवं’ हे वाक्य मुलाच्या वतीने एकदा म्हणून दाखवावे. नंतर वर्गाला सांगावे, ‘तो असं म्हणाला की त्याला तहान लागलेली असते.’ मुलाला नवे वाक्य शिकायला कदाचित महिने लागतील. वर्ग मात्र त्याच्या जुन्या वाक्याचा अर्थ त्याच दिवशी शिकतो, आणि व्यवहार त्या दिवसापासून सुरू होतो.

खिचडीच्या रांगेत

ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर यांनी १९७७मध्ये दाखवून दिले की एका जागी शिकवलेले वर्तन दुसऱ्या जागी आपोआप उतरत नाही. शिकवायचे आणि मग आशा करत बसायचे, ही त्या काळची रीत होती. ती अजून गेलेली नाही. स्कॉट बेलिनी आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये स्वमग्न मुलांना शाळेत सामाजिक कौशल्ये शिकवण्याच्या ५५ अभ्यासांचा आढावा घेतला. एकूण परिणाम तोकडाच निघाला. मात्र मुलाला वर्गाबाहेर काढून शिकवण्यापेक्षा नेहमीच्या वर्गातच शिकवले, तेव्हा परिणाम स्पष्टपणे चांगला होता.

जिल्हा परिषदेच्या शाळेत यासाठी शालेय पोषण आहाराच्या रांगेइतकी चांगली जागा नाही. रांगेत कोणाच्या मागे उभे राहायचे, धक्का लागला तर काय करायचे, ‘अजून हवं’ आणि ‘पुरे’ कसे सांगायचे, ताट घेऊन कोणाशेजारी बसायचे, असे किमान चार खरे व्यवहार तिथे रोज होतात. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस ठरवून दिले आहेत, म्हणजे सरावाचे आठशे प्रसंग झाले, तेही वेगळे सामान किंवा वेगळा तास न लागता. कॅरल ग्रे यांनी १९९१पासून विकसित केलेल्या सामाजिक गोष्टी इथे कामी येतात. रांगेत जाण्याआधी मुलाबरोबर वाचायची गोष्ट अशी असू शकते: ‘घंटा झाली की आम्ही ताटं घेऊन रांगेत उभे राहतो. रांग हळू सरकते. कधी कधी मागचा मुलगा मला लागतो. बहुतेक वेळा त्यानं ते मुद्दाम केलेलं नसतं. मला त्रास झाला तर मी “मागे सर” म्हणू शकतो. मला भात मिळतोच.’ या मजकुरात आज्ञा जवळजवळ नाही. काय घडते आणि का घडते, एवढेच सांगितले आहे. शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे, कारण रांगेत ढकलाढकली करणाऱ्या पुष्कळ मुलांच्या पोटात आपल्याला मिळणारच नाही, अशी भीती असते.

मोठ्यांनी किती जवळ असावे

मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये मदतनीसांच्या सततच्या सान्निध्याचा अभ्यास केला. मोठे माणूस मुलाला चिकटून बसले की मूल सोबत्यांपासून तुटते, मोठ्यांवर विसंबून राहते आणि वर्गशिक्षक त्याची जबाबदारी मनातून सोडून देतात, असे त्यांना दिसले. पुण्या-मुंबईच्या खासगी शाळांत शॅडो टीचर ठेवण्याची रीत वाढते आहे. ती ठेवणाऱ्या पालकांची तगमग मला कळते. तरी मुलाने सोबत्याकडे पेन्सिल मागण्याआधीच ती शॅडो टीचरने पुढे केली, तर मागण्याची एक संधी वाया जाते. दुसऱ्या टोकाला ग्रामीण शाळेत मदतनीसच नसतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. तालुक्याच्या गट साधन केंद्रातून शाळाशाळांत फिरणारे विशेष शिक्षक त्या प्रमाणापासून अजून दूर आहेत. त्यांनी आपल्या फेरीचा वेळ मुलाला वेगळे घेऊन शिकवण्यात घालवण्यापेक्षा वर्गशिक्षक आणि वर्ग तयार करण्यात घालवावा, असे मला ठामपणे वाटते.

या मताला आधार आहे. कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये सर्वसाधारण वर्गांतील ६० स्वमग्न मुलांवर केलेल्या नियंत्रित प्रयोगात स्वमग्न मुलालाच शिकवणे आणि त्याच्या वर्गसोबत्यांना शिकवणे या दोन रीतींची तुलना केली. सोबत्यांना शिकवले तिथे ही मुले वर्गाच्या मैत्रीच्या जाळ्यात अधिक आत आली आणि मैदानावरचे त्यांचे एकटेपण कमी झाले. आपल्या शाळांत साधने कमी असतील, पण सोबती भरपूर आहेत.

सोबती निवडताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे वर्गातल्या सर्वांत गुणी मुलीवर सगळी जबाबदारी टाकणे. ती महिन्याभरात छोटी बाई होते आणि दिव्यांग मूल तिचे काम होते. तीन-चार मुले असावीत, ती आलटून पालटून असावीत आणि त्यांत थोडी दंगेखोर मुलेही असावीत, कारण खेळाची चावी बहुधा त्यांच्याकडे असते. दुसरी चूक म्हणजे मदत एकाच दिशेने वाहणे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४मध्ये सांगितले होते की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत. त्यासाठी समान दर्जा, सामायिक उद्दिष्ट, परस्परांवर अवलंबून असलेले काम आणि वरिष्ठांचे पाठबळ लागते. एलियट अॅरन्सन यांनी १९७१मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत हे तत्त्व वर्गकामात आणले. गटातल्या प्रत्येकाकडे धड्याचा एकेक तुकडा द्यायचा आणि सगळ्यांचे तुकडे जुळल्याशिवाय काम पुरे होऊ द्यायचे नाही. सावकाश बोलणाऱ्या मुलीकडे असा तुकडा असला की गट तिच्यासाठी थांबतो, कारण त्याला थांबावेच लागते. शिक्षकानेही थांबायला शिकावे. मेरी बड रो यांच्या नोंदींनुसार प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली.

‘नको’ म्हणण्याचे शिक्षण

आज्ञाधारकपणा हेच सामाजिक कौशल्य मानण्यात मोठा धोका आहे. अमेरिकेतील ओमाहा शहरातल्या शालेय मुलांच्या नोंदी तपासून पॅट्रिशिया सुलिव्हन आणि जॉन नट्सन यांनी २०००मध्ये दाखवले की दिव्यांग मुलांवर अत्याचार किंवा त्यांची हेळसांड होण्याचे प्रमाण इतर मुलांच्या ३.४ पट होते. ज्या मुलाला ‘हात पुढे कर’, ‘पापी दे’, ‘गप्प बस’ या सगळ्यांना ‘हो’ म्हणायला शिकवले आहे, त्याला नकार कुठून सुचणार? ‘नको’, ‘थांबा’, ‘मी आईला सांगेन’ ही वाक्ये, आणि बोलता न येणाऱ्या मुलासाठी संवादफलकावरचे ‘नको’चे चित्र, वैयक्तिक शिक्षण आराखड्यात ‘नमस्कार’च्या आधी यायला हवे. आणि वर्गात मुलाने एखाद्या गोष्टीला नकार दिला की तो शक्य तेवढ्या वेळा मानायलाही हवा. मानला न जाणारा नकार शिकवून उपयोग नाही.

मोजायचे काय

शिक्षकाने भरलेल्या तक्त्यात गुण वाढले म्हणजे मैत्री वाढली, असे होत नाही. जेकब मोरेनो यांनी १९३४मध्ये मांडलेली समाजमितीची पद्धत आजही एका तासात वापरता येते. प्रत्येक मुलाने कोणासोबत डबा खायला आवडेल त्या तिघांची नावे चिठ्ठीवर लिहायची. ‘कोण आवडत नाही’ हे कधीच विचारायचे नाही. मग कागदावर बाण काढायचे. कोणाकडे एकही बाण जात नाही, हे पाहून बहुतेक शिक्षकांना धक्का बसतो, कारण त्यात दिव्यांग नसलेलीही मुले निघतात. जोडीला आठवड्यातून एकदा मधल्या सुट्टीत दहा मिनिटे, दर मिनिटाला एक खूण करायची: मूल एकटे, कोणाच्या शेजारी की कोणासोबत. ‘शेजारी’च्या खुणा कमी होऊन ‘सोबत’च्या वाढू लागल्या, तर काम बरोबर चालले आहे.

हाच बाणांचा कागद मुख्याध्यापकांना जूनमध्ये उपयोगी पडतो. चौथीनंतर किंवा सातवीनंतर मूल दुसऱ्या शाळेत जाते आणि एवढ्या वर्षांत जमलेले सगळे एका दिवसात मोडते, कारण तुकड्या गुणांवरून किंवा हजेरीच्या क्रमाने पाडल्या जातात. त्या मुलाकडे ज्यांचे बाण गेले आणि ज्यांच्याकडे त्याचे गेले, अशी दोन-तीन नावे दाखल्यासोबत नव्या शाळेला कळवावीत आणि ती मुले त्याच्याच तुकडीत ठेवायला सांगावे. याला खर्च नाही, शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. नव्या वर्गशिक्षकाला पहिल्या दिवशी त्या मुलाचे वागणे समजावून सांगायला मग ही मुले असतात, आणि बहुतेक वेळा ती प्रमाणपत्रापेक्षा नेमके सांगतात.